जुनी गाडी

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय होता. गाडी, आणि तीही जुनी. मागच्या आठवड्यात ती एकदाची दारात येऊन उभी राहिली, हिनं नारळ फोडला, पेढे वाटून झाले. म्हटलं, आता सगळं लिहून काढावं. मला गाडीतलं फारसं कळत नाही. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण या दोन महिन्यांत जे शिकलो ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. शिवाय एक गोष्ट अशी आहे, जी मी कधीतरी सांगायलाच हवी होती.

आमचे चिरंजीव शिरोली एमआयडीसीत नोकरीला. मुरगूडहून कागल, तिथं पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागायचं आणि कोल्हापूर ओलांडून शिरोली. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. नऊ वर्षं हा प्रवास मोटारसायकलवर चालला. गेल्या पावसाळ्यात एका ट्रकनं उडवलेलं पाणी तोंडावर आलं, गाडी घसरली, गळपट्टीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हिची झोप गेली. "पोस्टातली माझी ठेव मोडा, पण मी आता रोज रात्री साडेनऊपर्यंत फाटकाकडं बघत बसणार नाही," असं तिनं सांगून टाकलं. त्या ठेवीवर तिची काशीयात्रा ठरलेली होती. तेव्हा बजेट चार लाख, आणि त्यातला रुपया न् रुपया जपून वापरायचा.

पहिला प्रश्न इंधनाचा. मी वहीत हिशेब मांडला. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २५०० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १८ किलोमीटर धरले तर महिन्याला साधारण १४,४०० रुपये. डिझेल ९१ रुपये, २१ किलोमीटर, म्हणजे १०,८०० रुपये. सीएनजी किलोला ९० रुपये, २५ किलोमीटर, म्हणजे ९,००० रुपये. दर आणि मायलेज माझे अंदाजाचे, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ऊस आपल्याच भागातला, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडानं करायची! पण जुन्या गाडीचं मायलेज त्यानं थोडं उतरतं आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्या लागतात, हेही खरंच.

डिझेलची मजा अशी की मारुतीनं २०२० च्या एप्रिलपासून, बीएस-६ लागू झाल्यावर, डिझेल गाड्या करणंच बंद केलं. त्यामुळे मारुतीची डिझेल घ्यायची तर ती त्याआधीचीच. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

दुसरा प्रश्न पासिंगचा. निपाणी आम्हाला जवळ, तिथल्या केए-२३ नंबरच्या गाड्या दिसायला स्वस्त. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा, नवा नंबर घ्यायचा, आणि जुन्या कराचा परतावा मागत तिकडे खेटे घालायचे. हे सगळं धरलं की स्वस्ताई सीमेवरच राहते.

तर अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो जुन्या गाड्यांचा व्यवसाय करतो. वर्गात पहिल्या तिघांतला, वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारा. "सर, तुमच्यासाठी म्हणून एक ठेवलीय." पांढरीशुभ्र डिझेल गाडी, फक्त ४२ हजार किलोमीटर फिरलेली, आतून अत्तराचा वास. मी पाया पडणाऱ्या त्याला उठवलं आणि मनातल्या मनात सौदा पक्का करून टाकला. आपला विद्यार्थी आपल्याला फसवेल कसा?

चिरंजीव म्हणाले, एकदा मिस्त्रीला दाखवू. मिस्त्रीही माझाच विद्यार्थी. नववीत दोनदा बसला. त्याला मी एकदा सगळ्या वर्गासमोर "तुझ्या हातून काही व्हायचं नाही" असं म्हटलं होतं. ते त्याला आठवतं की नाही, विचारायचा धीर मला झाला नाही.

त्यानं आधी बॉनेटवर हात ठेवला. "सर, इंजिन गरम हाय. आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड गाडी कशी चालू होती ते बघायचं असतंय." मग टायरवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यानंतर पेडलचं रबर. ४२ हजारांत ते इतकं गुळगुळीत होत नाही म्हणे. आणि शेवटी त्यानं सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत. वरचा पट्टा स्वच्छ होता, शेवटच्या वीतभर भागावर मात्र मातकट रेघ. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला बारीक गाळ.

"सर, ही पुरातली गाडी हाय."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते आपण पाहिलंय. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. घरंदारं धुऊन निघाली. तशा गाड्याही धुऊन निघाल्या आणि विकल्या गेल्या. इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी दोन-तीन वर्षांनी बोलायला लागतं, आणि बोलतं ते बहुधा रात्री, महामार्गावर.

मी त्या हुशार विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुला माहीत होतं?" तो खाली बघत म्हणाला, "सर, माझ्याकडं आली तेव्हा वाळलेली होती. तुम्ही विचारलं नाही..."

मला फार राग यायला हवा होता. आला नाही. कारण तेच वाक्य मी एकदा स्वतःशी म्हटलं होतं. १९८९ च्या पावसाळ्यात माझी स्कूटर ओढ्याच्या पुरात रात्रभर बुडाली होती. ती साफ करून, रंग मारून मी शाळेतल्याच एका सहकाऱ्याला विकली. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दिवाळीनंतर त्याचा दोन महिन्यांचा पगार तिच्या दुरुस्तीत गेला. शिक्षकांच्या खोलीत तो रोज माझ्याशेजारी बसून डबा खायचा, पण एका शब्दानं कधी बोलला नाही. त्याला कळलं होतं, हे मला त्याच्या न बोलण्यातूनच कळलं. तो जाऊन बारा वर्षं झाली.

असो.

शेवटी आम्ही २०१७ ची वॅगन आर घेतली, कंपनीनंच बसवलेल्या सीएनजीची. एक लाख चार हजार किलोमीटर फिरलेली. आकडा ऐकून मी दचकलो होतो. मिस्त्री म्हणाला, हायवेवर पळालेला लाख परवडला, पण गावात क्लच-ब्रेक मारत फिरलेले चाळीस हजार नकोत. किलोमीटर खरे आहेत हे सर्व्हिस सेंटरच्या नोंदीवरून पडताळलं. सकाळी थंड इंजिन चालू करून पाहिलं. आधी तलावाच्या रस्त्यानं, मग महामार्गावर ऐंशीच्या वेगानं चालवली. स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली तरी गाडी सरळच गेली. फॉर्म २९ आणि ३०, बँकेचं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, थकलेले ई-चलान, चौदा दिवसांत विमा नावावर करणं, जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करणं, हे सगळं मी वहीत लिहून एकेक खूण करत पुरं केलं.

मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, "मी तुला एकदा वर्गात नको ते बोललो होतो."

"आठवतंय की सर," तो म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

हल्ली चिरंजीव साडेआठपर्यंत घरी येतात. ही अजूनही फाटकाकडे बघते, पण बसत नाही. काशी पुढच्या वर्षी, असं म्हणते. मी मात्र जुन्या मित्राच्या घरी जाऊन यायचं ठरवलंय. त्याचा मुलगा गारगोटीला असतो. त्या दोन पगारांचा हिशेब आता कसा मांडायचा, ते मला अजून कळलेलं नाही. पण यावेळी त्यानं विचारायची वाट बघणार नाही.