640 केबीची पेढी

सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीखाली कितीही माल असला, तरी गिऱ्हाइकापुढे मांडता येतो तो वर काढून पेढीवर आणलेलाच. 1990 नंतरच्या काही वर्षांत सांगली-साताऱ्याच्या पेढ्यांत आणि बँकशाखांत जे डॉसवर चालणारे संगणक आले, त्यांची रचना काहीशी अशीच होती. यंत्रात चार एमबी मेमरी असूनही ऐन मार्चअखेरीस, व्याज आकारून खतावणी मिळवण्याच्या घटकेला, पडद्यावर ‘प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी’ अशी ओळ उमटे आणि ताळेबंद तिथेच अडून राही.

दोष यंत्राचा नव्हता. 1981 च्या आयबीएम पीसीतील 8088 प्रोसेसरला 1024 केबीपलीकडचे पत्तेच ठाऊक नव्हते. त्यांतील वरचे 384 केबी पडदा व रॉम यांच्यासाठी राखून ठेवले गेले आणि हिशेबाच्या प्रोग्रामांच्या वाट्याला 640 आले. पुढे 386 आला, तरी डॉसने ती चौकट सोडली नाही. पुष्कळांनी जादा मेमरी विकत घेतली. पेव खोल झाले, पेढी तेवढीच राहिली!

खरा उपाय जागा मोकळी करण्याचा होता. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणारा श्रावक आधी आपल्याजवळ काय आहे ते मोजतो. इथेही आरंभ मोजणीनेच होई. ‘मेम /सी’ ही आज्ञा दिली की कोणी किती जागा अडवली आहे ते दिसे. रोजमेळ लिहिताना ज्याला कोणी हातही लावत नसे, त्या माउसचा ड्रायव्हर तिथे ठाण मांडून बसलेला आढळे. तो काढून टाकणे हे पहिले काम.

उरलेल्यांची सोय जून 1991 मध्ये आलेल्या डॉस 5 ने केली. कॉन्फिग.सिस या फाइलीत प्रथम हायमेम.सिस, मग ईएमएम386 आणि ‘डॉस=हाय,यूएमबी’ या ओळी लिहिल्या की डॉसचा मोठा भाग एक एमबीच्या लगेच वरच्या जेमतेम 64 केबीच्या कोपऱ्यात जाई. 286 वाल्यांना लाभ एवढाच. 386 वर मात्र त्या 384 मधील रिकामे गाळेही माळ्यासारखे वापरता येत. माळ्यावर सामान चढवताना क्रम चुकला की पंचाईत: लहान ड्रायव्हर आधी चढला तर मोठा गाळा अडवून बसे आणि नेटवर्कचा मोठा ड्रायव्हर खालीच राही. ‘नोईएमएस’ हा शब्द जोडला तर आणखी 64 केबी मिळत. परंतु लोटसची मोठी पत्रके ज्या विस्तारित मेमरीवर विसंबत, ती त्याने बंद होई. जिथे लोटस नव्हते, तिथे हा सौदा फायद्याचा.

1993 च्या डॉस 6 मधील मेममेकर ही जुळवाजुळव आपणहून करी. तरीही नेटवर्कचा ड्रायव्हर वर चढवताना यंत्र अडकण्याचा धोका असेच. म्हणून जाणता माणूस बदल करण्यापूर्वी मूळ कॉन्फिग.सिसची प्रत एका फ्लॉपीवर घेई आणि ती फ्लॉपी रोकडवहीबरोबर तिजोरीत ठेवी.