ठाण्याची लोकल येईपर्यंत

शुक्रवार, रात्री

मराठी पडद्यावरचा माझा सर्वांत लाडका अतिमानव म्हणजे महेश कोठारेंच्या 'धडाकेबाज'मधला (१९९०) लक्ष्या. कारण ती शक्ती त्याची नव्हतीच, बाटलीतल्या गंगारामची होती. त्याआधी १९८७ मध्ये 'मिस्टर इंडिया'तल्या अरुणला अदृश्य करणारं यंत्र मिळालं, पण लाल प्रकाशात तो दिसायचाच. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाकडे तर कुठलीच दैवी शक्ती नव्हती. उसनी, अपुरी शक्ती आपल्याला जवळची वाटते ती उगाच नाही.

म्हणून माझ्या मनातलं कॉमिक रबाळ्यात घडतं. एमआयडीसीत पाळी सुटलीय, ठाणे-बेलापूर रस्ता तुंबलाय. पॅकिंग खात्यातल्या एका मावशींना स्टेशनात अचानक शक्ती येते, ठाण्याची लोकल येईपर्यंतच. त्या काय करतील? पारसिकचा डोंगर नाही उचलणार. आधी चप्पल काढून सुजलेल्या पावलांवरची सूज उतरवतील. मग शेजारच्या पोरीची जड पिशवी हवेत तरंगत ठेवतील, फोनवरूनच नातवाचा ताप घालवतील. तेवढ्यात गाडी येते. शक्ती जाते, पिशवी धपकन खाली.

सूज उतरते ती चौकट चित्रकारानं मोठी काढावी, अख्खं पानभर. दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईच्या पायांतली कळ एकदम थांबली, तर तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे मला रंगांत पाहायचंय. दुसऱ्या दिवशी ती शक्ती गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांकडे जावी. त्यांना तर बसायला धड खुर्चीही नसते.