मोरचूद

आमच्या घरात निळा रंग यायचा ऑक्टोबर छाटणीनंतर. निफाडकडची द्राक्षबाग, आभाळ भरून आलं की अण्णांना केवडा रोगाची धास्ती. एका पिंपात किलोभर मोरचूद, दुसऱ्यात किलोभर कळीचा चुना, आणि दोन्ही एकत्र ओतून शंभर लिटर बोर्डो. माझं काम शेवटचं, पण मानाचं: मिश्रणात विळा बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस पुट चढलं की मी ओरडायचे, "अण्णा, चुना कमी पडला!" तांबं मोकळं राहिलं तर पानं करपतात.

हे औषध सापडलं तेही चोरांच्या कृपेने. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

दहावीत बाईंनी परीक्षानळीत मोरचूद तापवला. निळा खडा पांढराफटक! वर पाण्याचा थेंब टाकला, पुन्हा निळा. म्हणजे नुसत्या तांब्याचा नव्हे, पाण्यासकट तांब्याचा तो रंग? विचारलं तर बाई म्हणाल्या, "दोन मार्कांपुरतं लिही."

एम.एस्सी., नेट, मुलाखती हे सगळ्यांचं सारखंच, सोडून देते. पुण्यात पीएच.डी.च्या गाईडनी पुढे केलेल्या विषयांच्या यादीत एचकेयूएसटी-१ दिसलं आणि मी बाकीची यादी वाचलीच नाही. तांब्याचे अणू सेंद्रिय आम्लाने बांधून केलेली ही जाळी, हाँगकाँगमध्ये १९९९ साली बनलेली. आत नुसत्या पोकळ्या. ग्रॅमभर पुडीत हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग. अशा जाळ्यांसाठी २०२५चं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. रॉबसन यांची १९८९ची जाळीही तांब्याचीच, हे कुणी न विचारताही मी सांगते.

ताजी पूड फिकट निळी. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर तापवली की तांब्याला चिकटलेलं पाणी जातं आणि ती गर्द जांभळी होते. पहिल्या वर्षी गणपतीला घरी गेले, कुपीचं बूच सैल राहिलं. परतले तर पूड फिकट निळी. पुन्हा तापवली, रंग आला; पृष्ठभाग मोजला तर घटलेला. "गेली वाया," प्रयोगशाळेतला शेजारचा म्हणाला. माझा प्रबंध आता त्यावरच आहे: दमट हवेत ही जाळी किती टिकते.

दिवाळीत कुपी अण्णांना दाखवली. उजेडात धरून म्हणाले, "यात चुना किती?"

घरी बोर्डो अजून करतात. विळा आता पुतणी धरते.