खचत्या पट्ट्यातून

चंद्रपूर, सोमवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

पोचलो. रस्त्यावर, झाडांवर, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर, जिकडेतिकडे कोळशाची धूळ. महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, असं आपण पुणेकर धरून चालतो. इकडे तो कातळ मागे पडतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक उघडे होतात.

सकाळी उघड्या खाणीच्या काठावरून खाली पाहिलं. वाळूखडक, मग कोळशाचा काळा पट्टा, मग पुन्हा वाळूखडक, आणि सगळेच थर एका अंगाला कललेले. बस्तरचा जुना खडक एकीकडे, धारवाडचा दुसरीकडे. मधल्या पट्ट्यात वायव्य-आग्नेय दिशेने मोठे भ्रंश पडले आणि जमीन त्यांच्यावरून खाली सरकत गेली. याच जिल्ह्यात इरईला सर्वांत तळाच्या चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत. सुरुवात झाली ती बर्फाने, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी. बर्फ हटल्यावर नद्या आल्या, दलदली माजल्या, झाडं पडून गाळाखाली गेली, त्यांचा हा कोळसा झाला. जमीन खचत होती म्हणूनच तो टिकला. एरवी नदी जे आणते ते पुढे समुद्राकडे नेते. इथे तिला गाळ टाकायला रोज नवी जागा मिळत होती.

आसिफाबाद, बुधवार

चि. मुक्तास,

राजुऱ्यावरून हद्द ओलांडून तेलंगणात आलो. कोळसा संपला, माती तांबडी झाली. हा मलेरी नावाचा थर, सुमारे 22 कोटी वर्षांचा. ओघळीच्या कडेला बसून ढेकूळ फोडलं, तर लाल चिखलखडकात चुन्याचे पांढरट खडे निघाले. पावसाळ्यामागून कडक उन्हाळा येत असेल तर पूरमैदानातल्या मातीत असे खडे धरतात. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांचे दात आणि चोचीसारख्या तोंडाच्या हायपरोडापेडॉन या प्राण्याची हाडं या थरात मिळतात.

मला सगळ्यांत मजा वाटली ती वाळूखडकातल्या तिरप्या रेघांची. प्रवाह वाळू ढकलत नेतो तेव्हा वाळूच्या उतरंडीचा उतार प्रवाहाच्या दिशेला पडतो. तो मोजला की नदी कुठे वाहत होती ते कळतं. हे थर साचले त्या काळातल्या इथल्या नद्या बहुतांशी उत्तरेकडे जात होत्या. आजची गोदावरी त्याच पट्ट्यातून आग्नेयेला जाते. पट्टा तोच, उतार मात्र उलटला.

सिरोंचा, शनिवार

चि. मुक्तास,

प्राणहिता ओलांडून पुन्हा महाराष्ट्रात आलो. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी, आणि दोन्हींत हिशेब चोख! वाटेत एका पुलाचं काम रखडलेलं होतं, त्यात अर्धा दिवस गेला.

पश्चिमेकडून इकडे यावं तसे थर नवे होत जातात, कारण सगळा पट्टा ईशान्येला कललेला आहे. नदीच्या वरच्या अंगाला कोटा गाव आहे. त्याच्या नावाचा थर सुमारे 18 ते 19 कोटी वर्षांचा. त्यात पातळ पापुद्र्यांचा चुनखडक आहे. जमीन खचण्याचा वेग गाळ भरण्याच्या वेगापेक्षा वाढला की पाणी साचतं, नदीचं सरोवर होतं, आणि संथ पाण्यात बारीक चुना थराथराने बसतो. एका फरशीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा, काळा, चकचकीत खवला पाहिला. ऊन तिरपं पडलं की अजून चमकतो. लेपिडोटीस माशाचे खवले असेच असतात. या खडकातले मासे 19व्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासकांना ठाऊक आहेत. याच कोटा थरातून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी बारापासॉरस हा भला मोठा शाकाहारी डायनोसॉर काढला. 1975 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नावात रवींद्रनाथ टागोरांचा मान राखला, आणि सांगाडा आता कोलकात्यात उभा आहे.

जवळच वडधमला दगड झालेल्या झाडांचे बुंधे आहेत. दिवाळीच्या सुटीत तुम्ही सगळे या, फक्त एक अट. खवला असो, लाकडाची ढलपी असो, उचलून खिशात घालायची नाही. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि वनखात्याच्या माणसाला दाखवा. कोणत्या थरातून आला हे पुसलं गेलं की तो दगड कोणालाच काही सांगू शकत नाही.

तुझा काका