ओला पंचा

नाशिकच्या कापडपेठेतील एका पेढीच्या मालकांनी 1983 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही चालते. त्या काळी या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी दारात आली तेव्हा घरातील सुवासिनींनी तिला ओवाळले होते. आता नातवांच्या लेखी ती अडगळ आहे. शेठ मात्र दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतात. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने न परवडणारी एक वस्तू जपावी यात नवल नाही. व्यापाऱ्याच्या घरी अशी एक तरी वस्तू निघतेच.

2025 च्या मे महिन्यात शेठ आणि त्यांचा थोरला नातू याच गाडीने मुंबईहून लग्न आटोपून परत येत होते. चाक नातवाच्या हाती होते. भर दुपारी कसारा घाटात ट्रकच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत असता तिने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. स्टार्टर फिरे, पण इंजिन धरेना. नातवाने बॉनेट उघडले, इकडेतिकडे फोन लावले. चाळीस मिनिटांनी सहज म्हणून पुन्हा किल्ली फिरवली, तर गाडी काही न घडल्यासारखी सुरू झाली.

"आजोबा, हे पूर्वी कधी झालं होतं का?"

"झालं होतं. पुष्कळदा," एवढेच शेठ म्हणाले आणि इगतपुरी येईपर्यंत गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी नातवाने गाडी जुन्या नाशकातील एका वयोवृद्ध मेकॅनिककडे नेली. शेठही सोबत गेले. मेकॅनिकने हकिगत ऐकून घेतली आणि गाडीला हात लावण्यापूर्वीच म्हटले, "पंपानं एअर धरली असणार." नव्या पुस्तकी भाषेत यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

या गाडीची पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनच्या अंगालाच बोल्टने जोडलेला. पंपातील पडदा मागे सरकला की मागच्या टाकीतून पेट्रोल ओढले जाते. ओढताना नळीतील दाब कमी होतो आणि दाब कमी झालेला द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हा तर अनेक द्रवांचा मेळ. त्यातील हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच वाफ होऊ लागतात. वैशाखातले ऊन, घाटाची चढण, मंद गती आणि त्यामुळे पंख्याचा अपुरा वारा, यांनी बॉनेटखाली भट्टी पेटते. उंचीवर हवेचा दाबही थोडा उतरतो. मग नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. हातपंपात हवा शिरल्यावर दांडा नुसताच वरखाली होतो आणि पाणी येत नाही, तसेच येथे घडते. पंप वाफेला दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. कार्बोरेटर कोरडा पडतो. इंजिन निवले की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि दोष नाहीसा होतो. गॅरेजपर्यंत पोहोचलेल्या गाडीत त्याची खूणही उरत नाही.

अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. देशाने 2022 मध्ये दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांचा. इथेनॉल एकटे असता अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळते, पण पेट्रोलच्या संगतीत ते काही घटकांची वाफ लवकर करते. जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्यालाही ते मानवत नाही. मेकॅनिकने नळ्या आणि पडदा बदलण्यास सांगितले, पेट्रोलची नळी सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापट भागापासून दूर घेतली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवला. टाकीजवळ विजेचा पंप लावला तर तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो आणि दाब राहिल्याने वाफ सहसा होत नाही. मात्र अपघातात तो आपोआप बंद होण्याची सोय हवी, असे त्याने बजावले. नातू हे सारे मोबाइलमध्ये टिपून घेत होता.

शेठांनी एकच प्रश्न विचारला. "पेट्रोलात रॉकेल मिसळलं, तर असं होतं का?"

मेकॅनिक हसला. "उलट आहे, शेठ. रॉकेल जड. त्याची वाफ लवकर होतच नाही. रॉकेलानं गाडी धूर ओकेल, खडखडेल, सकाळी थंडीत सुरू व्हायला रडेल. उन्हात मरून सावलीत जिवंत होणार नाही."

शेठ बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

1987 साली या गाडीवर घोटीजवळच्या एका गावचे ड्रायव्हर होते. घरातील मुले त्यांना मामा म्हणत. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून नमुने आणि निकडीचा माल आणणे हे त्यांचे काम. उन्हाळ्यात गाडी घाटात थांबे. मामा खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवून पंपावर ठेवत, अर्धा-पाऊण तास सावलीला बसत आणि मग निघत. "शेठ, उन्हात पंप एअर धरतो," असे ते प्रत्येक वेळी सांगत. एका गॅरेजवाल्याने कॉइल बदलली, कार्बोरेटर साफ केला, काही सापडले नाही तेव्हा भेसळीचा संशय घातला. त्याच वैशाखात लग्नसराईचा शालू-साड्यांचा माल रात्री उशिरा पोहोचला. तोवर वधूकडील मंडळी दुसऱ्या दुकानातून खरेदी करून गेली होती. शेठांनी भर पेढीवर, मुनीमजी आणि गिऱ्हाइकांच्या देखत, मामांना पेट्रोल विकून रॉकेल भरणारा चोर म्हटले, तीन आठवड्यांचा पगार तूट म्हणून कापला आणि किल्ली काढून घेतली. मामांनी वाद घातला नाही. फक्त पंचा पिळून खांद्यावर टाकला आणि ते पायऱ्या उतरले.

त्या रात्री शेठांनी माळ्यावरून संवत 2043 चा रोजमेळ काढवला, त्याआधीच्या दोन वर्षांचेही. खतावणीत ड्रायव्हरचे खाते होते. उशिराचा भत्ता, गॅरेजचा खर्च, साऱ्या नोंदी चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठातल्या. आषाढ लागला की एकही नाही; थेट पुढच्या चैत्रापर्यंत. चोरी करणाऱ्याने पावसाळा आणि हिवाळा का पाळावा? हा पुरावा तेव्हाही वहीत होता. शेठांच्या स्वतःच्या सहीचा.

आठवडाभराने ते घोटीच्या पलीकडच्या त्या गावी गेले. मामा ओसरीवर बसले होते. दृष्टी अधू, पण आवाज तोच. शेठांनी पाकीट पुढे ठेवले आणि हात जोडले. कापलेला पगार व्याजासह मोजून आणला होता, दर पेढीच्याच रिवाजाचा.

मामांनी पाकीट उघडले नाही. "पैसे नकोत असं नाही शेठ, गरिबाला कोणाचेही चालतात. पण तुम्ही चोर म्हणालात ते पेढीवर. त्यानंतर पेठेत मला कोणी गाडी दिली नाही. मग मी वीटभट्टीवर राहिलो. हे आता ओसरीवर कशाला?"

शेठांना उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पेढीवर चला. जे कोणी जुने उरलेत त्यांच्या देखत सांगतो. मुनीमजी अजून आहेत."

मामा उठले. काठी टेकत अंगणात आले, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, मग ते उघडायला लावले. बोटांनी पंप चाचपला आणि पत्र्याचा आडोसा लागताच क्षणभर थांबले.

"हे चांगलं केलंत. फडकं ठेवायची वेळ आलीच, तर पंपावरच ठेवा. तापलेल्या बिडावर गार पाणी पडू देऊ नका, तडकतं."

नातवाने मान डोलावली. मामा अजून पंपावरच हात ठेवून होते.

"उद्या येतो," ते शेठांकडे न पाहता म्हणाले. "पण सकाळी लवकर या न्यायला. दुपारी नको. दुपारी हिचा पंप एअर धरतो."