अभयाची बेटे

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटर पश्चिमेस, विषुववृत्तावर, ज्वालामुखींच्या उद्रेकांतून वर आलेली गालापागोस बेटे आहेत. त्यांपैकी बार्तोलोमे या लहानशा बेटावर आम्ही उभयतांनी एक दिवस घालवला. अभयदान हा शब्द प्रवचनांतून आपण नेहमी ऐकतो. भय ठाऊक नसलेला जीव कसा वागतो, हे तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळाले.

उतरण्याच्या पायरीशेजारीच एक समुद्रसिंह पहुडला होता. आमच्या चाहुलीने त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. काळ्या खडकांवर सागरी इग्वाना ऊन घेत होते. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा हा जगातील एकमेव सरडा. अंगातील जादा मीठ तो नाकपुड्यांतून फवाऱ्याने बाहेर टाकतो. जमिनीवर मोठे शिकारी प्राणी नसल्याने या जिवांना पळून जाण्याची सवयच लागली नाही. माणसाने मात्र 2 मीटर अंतर राखावे, पायवाट सोडू नये आणि स्पर्श करू नये, असा तेथील नियम आहे.

पुढे स्नॉर्केल लावून पाण्यात उतरलो. थंड सागरी प्रवाहांमुळे येथे पेंग्विनही राहतात. अर्ध्या मीटरहून बुटका एक पेंग्विन माझ्या खांद्याजवळून बाणासारखा गेला. खाली एक कासव संथपणे चरत होते. त्या शांततेत स्वतःच्या श्वासाचा आवाजही मोठा वाटत होता.

दुपारी लाकडी पायऱ्यांनी 114 मीटर उंचीचा माथा गाठला. समोर सांतियागो बेट दिसत होते. मार्गदर्शकाने त्याची कथा सांगितली. पूर्वी माणसांनी आणलेल्या शेळ्या तेथे मोकाट वाढल्या आणि महाकाय कासवांचा चारा संपवू लागल्या. अखेर 2006 पर्यंत सुमारे 80 हजार शेळ्या मारण्यात आल्या.

सौभाग्यवतींनी हळूच विचारले, “अहो, मग अभय कोणाला मिळाले?”

मला उत्तर देता आले नाही. कासवे वाचली याचा आनंद खरा, आणि शेळ्यांसाठी मन विषण्ण झाले तेही खरे. त्या हत्येला योग्य म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. तिची सुरुवात मात्र शेळ्या बेटावर उतरवल्या त्या दिवशीच झाली होती, असे वाटते. त्या दिवशी कोणाच्याही मनात वैर नव्हते. पुढचा विचार नव्हता, इतकेच.

आपल्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना व ठेवताना यतना राखावी. या बेटांवर येणाऱ्याच्या सामानाची विमानतळावरच तपासणी होते; सोबतच्या बियाही तेथेच राहतात. रांगेत काही प्रवासी त्या खोळंब्याने कुरकुरत होते. सांतियागोची कथा ऐकल्यावर मला ती तपासणी यतनेचाच एक पाठ वाटली. आपण काय उचलतो आणि कोठे ठेवतो, याची किंमत पुढे कोणते जीव मोजतील, हे आपल्याला त्या क्षणी दिसत नसते.