आधी मोज, मग बोल

सोलापूर

चि. माई,

अक्काचा फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. दाजींच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन तू उतरवलंस, आता तिथे जिप्सीचं तेराशे सीसीचं बसवणार आणि जुनं भंगारवाला किलोवर नेणार! अगं, मामाचं सगळं आयुष्य बोअरिंग मशीनवर गेलं, त्याला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? गाडी विकली नाहीस, चालवायची ठरवलीस, याचा आनंद आहे म्हणून कमी रागावतोय.

ऑइल खाते, धूर मारते, चढाला दम टाकते, म्हणून इंजिन संपलं असं ठरवलं कुणी? मोजलं कुणी? मूळ बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, चारही सिलिंडर मिळून 1089 सीसी. आता बोअर गेज घालून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, उभा आणि आडवा मोजायचा. झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे ती सर्वांत जास्त, आणि पिस्टन ज्या अंगाला रेटला जातो त्या अंगालाही जास्त. गोल बोअर अंडाकृती होतो. त्यात नुसत्या नव्या रिंगा घालणाऱ्या मिस्त्रीला दारात उभा करू नकोस. थोड्याच दिवसांत पुन्हा धूर. रिबोअर करायचं, ओव्हरसाईज पिस्टन घालायचे, तेवढी जागा उरली नसेल तर स्लीव्ह बसवायची. क्रँकचे जर्नलही मोजून घे, ग्राईंड करून अंडरसाईज बेअरिंग बसतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा तापलं की वाकतं. त्यावर पट्टी धरून फट दिसते का बघ.

हे सगळं लातूरला होतं. अजून होतं, असं म्हणतो, कारण न मोजता फेकायची सवय अशीच राहिली तर हे काम जाणणारा माणूसच उरणार नाही. कापसाच्या गिरण्या, पाण्याच्या मोटारी, ट्रॅक्टर, सगळं आपल्या भागात हातांनी मोजून, घासून चालतं ठेवलं. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली ती मोटार या देशात बनावी म्हणून. कुर्ल्याला बनलेली ती गाडी तुमच्या औशाच्या माणसाला दुरुस्त करता येऊ नये? मला हे सहन होत नाही, माई. किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटे याच इंजिनाने किती साथ दिली, ते तुला मी सांगायला नको.

बरं, ताकद हवी म्हणतेस. जिप्सी किंगचं इंजिन ऐंशी अश्वशक्तीचं, आपलं चाळीसच्या आसपासचं. दुप्पट ताकद त्याच गिअरबॉक्सवर, त्याच मागच्या ॲक्सलवर, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक! औसा–लातूर रस्त्यावर गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना चालतात. ब्रेक दाबल्यावर गाडी उभी राहिली नाही तर? इंजिनाचं मला एवढं नाही, तुझंच भय वाटतं.

ताकद वाढवायची तर फियाटने दाखवलेली वाट आहे. इटलीत त्यांनी याच घराण्याचं इंजिन 72 मिलिमीटर बोअरचं करून 1221 सीसीला नेलं, स्ट्रोक तोच ठेवला. पण आपल्या ब्लॉकच्या भिंती तेवढ्या जाड उरल्यात का हे तपासल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत, फार पळवायचं इंजिन नाही ते.

सुधारणा अवश्य कर, मी अडाणी नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. रेडिएटरचा कोअर नवा घाल, आपला वैशाख तुला माहीत आहे. पुढे डिस्क ब्रेक लाव. आणि पेट्रोलचं बघ. आता त्यात वीस टक्के इथेनॉल येतं, आपल्या उसाचंही. ते पाणी ओढतं, टाकी गंजवतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे खातं. शिवाय तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. जेट तेच ठेवलेस तर मिश्रण पातळ होऊन इंजिन गरम चालेल. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घे, जेट एक माप मोठा.

कागदाचंही ऐक. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललं तर नोंदणीत एक नंबर आणि गाडीत दुसरा. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम त्यासाठीच आहे. अपघात झाला तर विमेवाला पहिलं तेच बघेल. गाडी 1978 ची, 2028 मध्ये पन्नास पूर्ण होतील. 2021 च्या नियमांनी अशा गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. इंजिनात, चासीत फेरफार केलेली चालत नाही. त्या नोंदणीवर रोज लातूरला जाता येणार नाही हे खरं, म्हणून घाई करू नकोस, पण तो दरवाजा आत्ताच कशाला बंद करतेस?

मापं फोनवर सांगू नकोस, कागदावर लिही, सिलिंडरच्या क्रमाने. ब्लॉक अंगणात उघडा टाकला असशील तर आजच ऑइल लावून झाक. भंगारवाल्याला मी येईपर्यंत घरात पाऊल टाकू देऊ नकोस. अक्काला नमस्कार.

तुझा
मामा

ता. क. टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाक, किती महिन्यांचं आहे कोण जाणे. आणि ते स्वयंपाकघराच्या मागे ठेवू नकोस, अक्का तिथे चूल पेटवते.